पालवर्ल्डमध्ये ओर पुरत नाही? या चुका टाळा

पालवर्ल्ड या व्हिडिओ गेममध्ये ओर (धातूचं कच्चं खनिज) पुरत नाही ही तक्रार बहुतेकदा खोदण्याची नसते, वाहण्याची असते. एका ओरचं वजन 8 आणि सुरुवातीला आपण पेलू शकतो 300. म्हणजे अंगावर दुसरं काहीच नसलं तरी 37 ओरला हिशेब संपतो. हत्यारं, खाणं, स्फिअर (पाल, म्हणजे गेममधले प्राणी, पकडायचे गोळे) धरले तर त्याच्या बऱ्याच आधी पाय जड होतात. त्यात एका इनगॉटला (ओर वितळवून होणाऱ्या धातूच्या विटेला) लागतात 2 ओर.

तरीही लेव्हल वाढली की मिळालेला पॉइंट सगळेजण हल्ल्यात घालतात. सुरुवातीचे चार-पाच वजनात घाला; दर पॉइंटला 50 ची भर पडते. टीममध्ये कॅटिव्हा हा पाल असला तर तोही क्षमता वाढवतो. आणि वाटेत गोळा झालेला साधा दगड बिनधास्त टाकून द्या, त्याचंही वजन 3 आहे. ओरचा खडक कोकणातल्या डोळ्यांना पटकन दिसावा: तांबूस-तपकिरी, जांभ्याच्या जवळ जाणारा. निळा दिसतो तो पाल्डियम, ते वेगळं खनिज.

खरा उपाय म्हणजे ओरच्या खडकांवरच बेस, म्हणजे आपला तळ, टाकणं. पालबॉक्स (तळाच्या मध्यावरची पेटी) ठेवताना दिसणाऱ्या निळ्या वर्तुळात जास्तीत जास्त खडक येतील अशी जागा धरा. इथेच सगळ्यात महागडी चूक होते. खडक फोडून झाला, जागा मोकळी दिसली, की लोक तिथे फाउंडेशन किंवा पेटी मांडतात. मग तो खडक परत उगवतच नाही. खडकाच्या जागा आणि त्यांच्या कडेची थोडी जमीन रिकामीच सोडा. पेटी मात्र जवळ हवी. ती लांब असली किंवा भरली, तर ओर जमिनीवर पडून राहतो आणि वाटतं, पाल काम करत नाहीत.

कधीकधी ते खरंच करत नाहीत. मायनिंग म्हणजे पालच्या खोदकामाची पातळी; मायनिंग 1 चा पाल दगड फोडतो, ओरला हात लावत नाही. 2 तरी हवं. टॉम्बॅट यासाठी फार सोयीचा: मायनिंग 2, वाहतूकही करतो आणि बाकीचे झोपले तरी रात्री जागा असतो. डिगटॉइझचं मायनिंग 3 आहे, पण तो वाहून नेत नाही. जोडीला हमाल द्या. खाण्याची पेटी, प्रत्येकाला बिछाना आणि गरम पाण्याचं कुंड नसेल तर सॅनिटी (पालांचं मानसिक स्वास्थ्य) उतरते आणि कामं रेंगाळतात.

ओर वितळवायची साधी भट्टी 20 लाकूड, 50 दगड आणि 3 फ्लेम ऑर्गनमध्ये (आगीच्या पालांकडून मिळणारी वस्तू) होते, पण आग पेटवणारा पाल नसेल तर ती नुसती उभी राहते. फॉक्सपार्क्स चालतो. तो भलतीकडे भटकला तर उचलून भट्टीवर फेका, काम त्याच्या नावावर लागतं. मेगा स्फिअरला प्रत्येकी 1 इनगॉट जातो. 50 ची ऑर्डर लावली की 100 ओर गेले.

मित्रांबरोबर खेळत असाल तर एक गोष्ट जग सुरू करण्याआधीच ठरवा. को-ऑपमध्ये चौघांपर्यंत खेळता येतं, पण जग होस्टच्या, म्हणजे ते सुरू करणाऱ्याच्या, मशीनवर असतं. ते मशीन बंद पडलं की सगळे बाहेर. जून ते सप्टेंबर रत्नागिरी-मालवणकडे लाइटचा काय भरवसा? होस्ट इन्व्हर्टरवालाच हवा, आणि राउटरही त्याच इन्व्हर्टरवर.