कॅसल टिओरम बघायला जाताय? या चुका टाळा

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, लॉख मॉयडार्ट नावाच्या खाडीत, एका खडकाळ बेटावर कॅसल टिओरम हा पडका किल्ला आहे. स्थानिक लोक त्याला 'चीरम' म्हणतात, रस्ता विचारताना तेच म्हणा. मॅकडोनल्ड घराण्याच्या क्लॅनरॅनल्ड शाखेचं हे ठाणं. 1715 च्या जॅकोबाइट उठावात, म्हणजे गादी गेलेल्या स्टुअर्ट राजघराण्याला परत आणण्यासाठी झालेल्या बंडात, त्यांच्याच प्रमुखाने, ॲलन मॅकडोनल्डने, ते जाळायला लावलं, कारण सरकारी फौजेच्या हाती ते पडू द्यायचं नव्हतं. तेव्हापासून ते ओसाड पडलंय. इथे तिकीटखिडकी नाही की पहारेकरी नाही, त्यामुळे चूक होत असली तरी कुणी हटकत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पाण्याची वेळ न बघता निघणं. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाऊन पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. बेटासमोरच्या डोर्लिनच्या किनाऱ्यावरून बेटापर्यंत वाळूचा पट्टा आहे आणि भरतीत तो पाण्याखाली जातो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त चढतं, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत कमी. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून काल कुणीतरी सांगितलेली वेळ आज धरून चालू नका. पाणी उतरत असताना जा आणि ओहोटीची वेळ उलटली की परतीला लागा.

वेळापत्रक बघूनही लोक फसतात, ते घड्याळामुळे. भरती-ओहोटीची बरीच कोष्टकं ग्रीनिच वेळेत छापलेली असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनमधली घड्याळं एक तास पुढे असतात. तेव्हा आधी कोष्टकाच्या माथ्यावर बघा. ग्रीनिच वेळ असेल, तर उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवायचा. मॅलेग बंदराची वेळ अंदाजाला चालते, पण ती अगदी मिनिटाला मिनिट धरू नका.

एवढं करूनही बेटावर अडकलात, तर पाण्यात उतरू नका. शील नदी इथेच समुद्राला मिळते, त्यामुळे ओढ असते, आणि गुडघाभर दिसणारं थंडगार पाणीही पाय उचलू देत नाही. बेटाचा खडक पुरेसा उंच आहे. वर जाऊन बसा, अंगावर जाड कपडे चढवा आणि पाणी उतरेपर्यंत काही तास थांबा. कुणी जखमी असेल किंवा थंडीने गारठलं असेल, तर 999 फिरवून 'कोस्टगार्ड' मागा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसरं कुठलं नेटवर्क पोचत असेल, तर हा फोन लागतो.

दुसरी चूक आत शिरण्याची. भिंतींचे दगड सुटे झालेत, म्हणून आतला भाग बंद ठेवलेला आहे. 2003 च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये रानावनात, किनाऱ्यावर जबाबदारीने फिरण्याचा हक्क सगळ्यांना आहे, पण त्यात इमारती येत नाहीत. खरं सांगायचं तर आत न गेल्याने फार काही हुकत नाही. या किल्ल्याची गंमत बाहेरच्या तटात आहे. खडक जसा वळला तसा तट वळवलाय, म्हणून त्याला वेड्यावाकड्या पाच बाजू आल्यात. भिंत कुठे संपली आणि मूळ कातळ कुठे सुरू झाला, ते पायथ्याशी बारकाईने बघा. बांधणाऱ्यांनी दगडाशी भांडण केलेलं नाही. तटापासून मात्र चार हात लांबूनच फिरा. समुद्रशेवाळावरून पाय सटकतो, तेव्हा पकड असलेले बूट हवेतच.

गाडीचंही सांगते. अकॅरॅकल गावापासून डोर्लिनचा रस्ता एकच गाडी मावेल एवढा अरुंद आहे, गाड्या एकमेकींना जाऊ देण्यासाठी मधे मधे रुंद जागा ठेवल्यात. जागा डावीकडे असेल तर तिच्यात शिरा. उजवीकडे असेल तर तिच्यासमोरच थांबा, म्हणजे समोरचा तिच्यात वळेल. मागे गाडी आली तर तिलाही पुढे जाऊ द्या. फोटोसाठी त्या जागेत गाडी लावून निघून जाणं ही तिथल्या लोकांना सगळ्यात खुपणारी गोष्ट आहे, आणि ते बरोबरच आहे. रोज त्याच रस्त्याने त्यांची कामं चालतात. रस्त्याच्या शेवटी गाडी लावायला जागा आहे, पण थोडीच. मोठी कॅम्परव्हॅन नेऊ नका. कॉरनच्या, गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने येणार असाल तर ती चालू आहे ना, ते निघण्यापूर्वी बघा. बंद असेल तर फोर्ट विल्यमहून ग्लेनफिनन, लॉखेलर्टमार्गे यावं लागतं.

उन्हाळ्यात वारा पडला की मिज नावाच्या बारीक माश्या थव्याने चावतात, सकाळ-संध्याकाळ तर फारच. तोंडावर घ्यायची जाळी जवळ ठेवा. नेच्याच्या झुडपांतून गेलात तर संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत गोचिडी तपासा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, तिच्यावर तेल-बिल लावत बसू नका. नंतरच्या आठवड्यांत तिथे लाल चट्टा पसरत गेला, तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा, कारण ती लाइम आजाराची खूण असू शकते.