लाईट गेली तरी लॅपटॉप चालायला हवा

‘बॅटरी पार शून्यावर आणा, मग पूर्ण भरा’ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. तो निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे. आजची लिथियम-आयन बॅटरी वारंवार शून्यावर नेली की उलट लवकर झिजते.

आधी बॅटरीत किती जीव उरलाय ते बघा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) ‘पॉवर’ आणि ‘सीएफजी’ जोडून टाइप करा, मग मोकळी जागा, स्लॅश आणि ‘बॅटरीरिपोर्ट’. सगळं इंग्रजीत. जी फाइल तयार होईल तिच्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आज पूर्ण भरल्यावरची) शोधा. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर सेटिंगशी झटापट करू नका, बॅटरी बदला.

स्क्रीनचा उजेड कमी करा, पॉवर मोड ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’वर ठेवा. बस्स.

खरी मेख आहे ती झाकणात. मला सगळ्यात जास्त छळलं ते यानेच. चिपळूणला लॅपटॉप मिटून बॅगेत टाकायचा, एसटीने गुहागरला पोचायचं, तर तळ गरम आणि बॅटरी अर्धी. झाकण मिटलं की लॅपटॉप स्लीपमध्ये जातो. पण आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये स्लीप म्हणजे अर्धवट झोप. आत नेटवर्क आणि अपडेट चालूच राहू शकतात. बंद बॅगेत ती उष्णता कोंडते, आणि बॅटरीला उष्णतेइतकं वाईट काही नाही. ‘स्लीपने काही होत नाही’ म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका.

उपाय हायबरनेट. यात उघडी कामं डिस्कवर लिहिली जातात आणि मशीन जवळपास पूर्ण बंद होतं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, डावीकडे ‘चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ’ घ्या. ‘ऑन बॅटरी’च्या रकान्यात हायबरनेट निवडा, ‘प्लग्ड इन’ला स्लीप राहू दे. हायबरनेट दिसतच नसेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, पुन्हा ‘पॉवर’ आणि ‘सीएफजी’ जोडून टाइप करा, पण पुढे मोकळी जागा, स्लॅश एच, मोकळी जागा आणि ‘ऑन’. उघडताना थोडा वेळ जास्त लागतो, तो लागू दे. बॅगेत ठेवण्याआधी पंखा थांबलाय ना, एवढं कान देऊन ऐका.

लाईट गेली की राऊटरही जातो आणि आपण मोबाईलच्या नेटवर येतो. तेव्हा केबलने टेदरिंग करू नका, म्हणजे फोनचं नेट वायरने लॅपटॉपला देऊ नका, फोन लॅपटॉपचीच बॅटरी ओढत बसतो. हॉटस्पॉट वापरा, फोन पॉवर बँकेला लावा.

लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) चार्जिंगची मर्यादा 80 टक्के करा. एप्रिल-मेच्या आपल्या उकाड्यात 100 टक्के भरलेली बॅटरी तशीच ठेवणं मला मुळीच पटत नाही. पण पावसाळ्यात हवामान खात्याने ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला की मर्यादा काढून पूर्ण भरून घ्या. 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-श्रीवर्धनकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. लाईट नियमित झाली की मर्यादा पुन्हा 80 वर आणा.

टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला तर बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, मशीन बंद करा, दाबू-टोचू नका, थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या.