युरोपात रेल्वेने फिरताय? पास आणि स्वस्त तिकिटांच्या या चुका टाळा

विमानाचं तिकीट झालं की लोक लगेच रेल्वे पास घेऊन टाकतात आणि मग कुठे कुठे जायचं ते ठरवायला बसतात. मी जर्मनीत राहते, त्यामुळे उन्हाळा आला की नातेवाइकांचे, त्यांच्या ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "पास तर घेतलाय, आता सांगा कसं फिरायचं?" क्रम नेमका उलटा हवा. आधी कागदावर रोजचा प्रवास लिहा. प्रत्येक टप्प्याचं सुटं तिकीट त्या त्या देशाच्या रेल्वेच्या साइटवर बघा, बेरीज करा, आणि मगच पासाची किंमत बघा. या कामाला एक संध्याकाळ लागते. लाखांनी खर्च करून सहलीला निघणाऱ्या माणसाला ती एक संध्याकाळ काढता येत नाही, हे मला अजिबात पटत नाही.

पास हातात आला म्हणजे जागा मिळाली, असं समजणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. मुंबईच्या लोकलचा पास काढला की कुठल्याही गाडीत चढता येतं, तसं युरेलचं, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या रेल्वे पासाचं, असेल असं लोक धरून चालतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधल्या बहुतेक गाड्यांत ते खरंही आहे. पण फ्रान्सची टीजीव्ही, स्पेनची एव्हीई, इटलीची फ्रेचारोसा, लंडन-पॅरिस युरोस्टार या वेगवान गाड्या आणि रात्रीच्या स्लीपर गाड्या यांत आरक्षण सक्तीचं असतं. त्याचे पैसे पासाव्यतिरिक्त भरावे लागतात. त्यातही फ्रान्समधल्या गाड्यांत आणि युरोस्टारमध्ये पासधारकांसाठी ठरावीकच जागा असतात. त्या संपल्या की गाडीत खुर्च्या रिकाम्या असल्या तरी तुम्हाला पूर्ण दराचं तिकीट काढावं लागतं.

माझी मावसबहीण, तिचा नवरा, सासूबाई आणि दोन मुलं जुलैतल्या एका शनिवारी सकाळी पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनवर उभी होती. पास सगळ्यांचे होते. 4 ते 11 वयाच्या मुलांना मोठ्यांबरोबर मोफत मिळतो, तोही त्यांनी व्यवस्थित काढला होता. स्वित्झर्लंडमधल्या बासेलला जाणाऱ्या टीजीव्हीचं आरक्षण मात्र केलं नव्हतं. पास विकणाऱ्या एजंटने तो विषयच काढला नव्हता, आणि यांनीही विचारलं नव्हतं. पासधारकांच्या जागा दिवसभराच्या गाड्यांत संपल्या होत्या. पाच जणांच्या पूर्ण तिकिटांचा आकडा ऐकून तिचा मला फोन आला. त्या रात्रीचं इंटरलाकेनचं हॉटेल रद्द केलं असतं तर एक पैसाही परत मिळाला नसता. फोनवर मागून तिचा नवरा म्हणत होता, "चढूया तर खरं, टीसीशी बोलू." मी तिला बजावलं, अजिबात चढू नका. इथे वेटिंग लिस्ट नाही, आरएसी नाही, आणि टीसीशी बोलून मिळतो तो दंड.

मग वाट काढली. बॅगा घेऊन मेट्रोने गार द लेस्त गाठायचं. तिथून त्र्वा, शोमों, बेलफोर असं करत म्युलूजला जाणारी टीईआर, म्हणजे तिथली प्रादेशिक गाडी, पकडायची. तिला आरक्षण लागत नाही. म्युलूजहून दुसऱ्या टीईआरने बासेल, आणि बासेलहून स्विस गाडीने इंटरलाकेन. टीजीव्हीने बासेल तीन तासांच्या आसपास. यांचा अख्खा दिवस गेला. सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले आणि मुलं बिस्किटांवर राहिली. पोहोचेपर्यंत अंधार पडला होता.

माझी सवय सांगते. फ्रान्स, स्पेन किंवा युरोस्टारचा टप्पा असेल तर मी आधी पासधारकांचं आरक्षण शिल्लक आहे का ते बघते आणि मगच पासाचा विचार करते. आणि मुलांचा पास मोफत असला तरी त्यांच्या आरक्षणाचे पैसे भरावे लागतात, तेही बेरजेत धरा.

स्वित्झर्लंडमध्ये डोळे मिटून स्विस ट्रॅव्हल पास घेणं

आपल्या लोकांना युंगफ्राउयोख आणि टिटलिस करायचंच असतं, आणि नेमकं तिथेच हिशेब चुकतो. स्विस ट्रॅव्हल पास युंगफ्राउयोखला पूर्ण चालत नाही. ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत प्रवास फुकट, पुढे फक्त 25 टक्के सूट. हाफ फेअर कार्ड, म्हणजे निम्म्या दरात तिकीट देणारं कार्ड, महिनाभर चालतं आणि त्यावर वरपर्यंत 50 टक्के सूट मिळते. इंटरलाकेनहून 3,454 मीटरवरच्या त्या स्टेशनला जाऊन येण्याचं हंगामातलं तिकीट दोनशे फ्रँकच्या वर जातं. म्हणजे या एकाच फेरीत शंभराहून जास्त फ्रँक वाचतात. टिटलिसला दोन्हींवर निम्मीच सूट आहे. एका गावात मुक्काम करून दोन-तीन मोठे डोंगर करायचे असतील तर मी हाफ फेअर कार्डच सुचवते. रोज नवं शहर, लुझर्नच्या तळ्यातली बोट, रिगी, ट्राम, म्युझियम असा बेत असेल तर मात्र ट्रॅव्हल पास खरंच छान वसूल होतो. दोन्हींबरोबर फॅमिली कार्ड मागून घ्या, आईवडिलांबरोबर 16 वर्षांखालच्या मुलांचा प्रवास मोफत होतो.

बर्निना एक्सप्रेस या पर्यटकांच्या डोंगरी गाडीला पास असूनही वेगळं आरक्षण लागतं. त्याच रुळांवरून साध्या प्रादेशिक गाड्या जातात. त्यांना आरक्षण लागत नाही आणि काही डब्यांच्या खिडक्याही उघडतात. फोटोसाठी मी साधीच गाडी निवडते.

व्हिसा हातात नसताना परत न होणारी तिकिटं काढणं

व्हिसाच्या अर्जात प्रवासाचा आराखडा द्यायचा असतो, म्हणून लोक घाईने सगळ्यात स्वस्त तिकिटं काढून मोकळे होतात. जर्मनीचं सुपर श्पारप्राइस, म्हणजे सगळ्यात स्वस्त सवलतीचं तिकीट, रद्द करता येत नाही. व्हिसा लांबला की पैसे गेले. तोवर रद्द होणारं तिकीट घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

शिवाय श्पारप्राइस तिकीट त्याच गाडीपुरतं असतं. तुम्ही नाश्ता करत बसलात आणि गाडी गेली, तर नवीन तिकीट काढा. रेल्वेमुळेच मुक्कामी पोचायला 20 मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल तर ते बंधन सुटतं. पण दोन टप्प्यांची दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर हुकलेल्या पुढच्या गाडीला हे संरक्षण मिळत नाही. दहा युरो वाचवायला प्रवासाचे तुकडे करण्याचा सल्ला रील्समध्ये फार दिला जातो. म्हाताऱ्या माणसांबरोबर असाल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

आणखी काही

इंटररेल युरोपात राहणाऱ्यांसाठी आहे. भारतातून येणाऱ्यांनी युरेलच घ्यायचा.

युरेल फ्लेक्सीचा, म्हणजे प्रवासाचे दिवस मोजून मिळणाऱ्या पासाचा, एक दिवस फ्लॉरेन्स-पिसासारख्या दहा युरोंच्या आसपासच्या प्रवासावर खर्च करू नका.

गाडीत बसण्याआधी ती गाडी युरेलच्या रेल प्लॅनर अ‍ॅपमध्ये टाका. टीसी समोर आल्यावर नेटवर्क शोधत बसलात तर तो ऐकून घेईलच असं नाही.

फ्रान्सची विगो आणि इटलीची इतालो या गाड्यांत युरेल चालत नाही.

डॉइचलंड तिकिटावर, म्हणजे जर्मनीतल्या स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांच्या मासिक पासावर, आयसीई ही वेगवान गाडी चालत नाही, आणि ते दरमहा आपोआप पुढे चालू राहतं. परत गेल्यावरही खात्यातून पैसे जात राहतील, म्हणून वेळेत बंद करा.

पासपोर्टवर नाव आहे तसंच पासावर आणि तिकिटावर लिहा. लग्नानंतर आडनाव बदललं पण पासपोर्ट जुनाच असेल, तर जुनंच नाव टाका.

व्हेनिसला वेनेत्सिया सांता लुचियाचं तिकीट काढा. मेस्त्रे हे खाडीअलीकडचं स्टेशन आहे.

इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटाजवळच्या मशीनमध्ये घालून शिक्का उमटवल्याशिवाय गाडीत चढू नका. मोबाइलवरच्या तिकिटाला हा शिक्का लागत नाही.