टेस्टिंग अर्धवट राहिलेलं होमबिल्ट विमान घेताय? आधी हे बघा

अमेरिकेत एफएएच्या (तिथली विमान वाहतूक नियामक संस्था) नियमात घरी बांधलेल्या विमानाला आधी फेज वन, म्हणजे चाचणी उड्डाणांचा पहिला टप्पा, पूर्ण करावा लागतो, सर्टिफाइड इंजिन-प्रॉपेलरची जोडी असेल तर साधारण 25 तास, नाहीतर 40. तोवर ठरलेल्या एरियाबाहेर जायचं नाही आणि हौसेखातर पॅसेंजर तर अजिबात नाही. म्हणजे पैसे दिले आणि उडवत घरी आणलं असं होत नाही. एकतर पंख काढून ट्रेलरवर आणा, नाहीतर टेस्ट एरिया बदलून घ्या, आणि हे सौद्याच्या आधी बोला, नंतर नाही.

लॉगबुक नीट वाचा. 40 पैकी 30 तास झाले म्हणतात, पण ते सगळे रनवेभोवतीच्या चकरा असतील आणि स्टॉल (वेग कमी होऊन पंखांची उचल जाणं), फुल वेट, मागचा सीजी (वजनाचा मध्यबिंदू मागे असताना उडवणं) यातलं काहीच केलेलं नसेल तर माझ्या मते टेस्टिंग झालंच नाही. फ्युएल फ्लोचे आकडे मागा, पंपवाल्या सिस्टिमला टेकऑफच्या खपाच्या 125 टक्के आणि ग्रॅव्हिटीवर, म्हणजे पंपाशिवाय इंधन खाली येणाऱ्या सिस्टिमला 150 टक्के फ्लो मिळायला हवा, तोही नाक वर असताना. वजनकाट्याचा कागद पण बघा.

मालक विमान कशामुळे विकतोय ते सरळ विचारा, एखाद्या फ्लाइटला घाबरून विमान तसंच उभं राहिलेलं असू शकतं (हे कोणी आपणहून सांगत नाही).

अजून एक, रिपेअरमन सर्टिफिकेट (स्वतः बांधलेल्या विमानाची तपासणी करायचा परवाना) बिल्डरचं, ते तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे दरवर्षीच्या कंडिशन इन्स्पेक्शनला साधारणपणे ए अँड पी मेकॅनिक (विमानाचा सांगाडा आणि इंजिन दोन्हीचा परवाना असलेला) लागतो. तोच आत्ता बघायला सोबत न्या. इन्शुरन्सवाल्यालाही आधीच फोन करा.