बिबलमन ट्रॅक चालणार असाल, तर या चुका टाळा

पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थजवळच्या कालामुंडापासून दक्षिण किनाऱ्यावरच्या अल्बनीपर्यंत सुमारे १,००० किलोमीटरची पायवाट जाते, तो बिबलमन ट्रॅक. पूर्ण चालायला बहुतेकांना सहा ते आठ आठवडे लागतात. ती अर्धवट सोडावी लागते, त्यामागे मी पाहिलेलं नेहमीचं कारण एकच: पहिल्या आठवड्यातली घाई.

कालामुंडाहून पहिलं शेल्टर, म्हणजे मुक्कामाचा निवारा, ह्यूवेट्स हिल, साधारण दहा किलोमीटरवर आहे. दुसरंही तिथून तेवढंच. नवखा दुपारीच पहिल्या शेल्टरला पोचतो, अजून ऊन आहे म्हणतो आणि पुढे निघतो. त्या वेळी सॅकमध्ये आठवड्याचं जेवण असतं आणि पाय अजून रुळलेले नसतात.

माझा एक सोबती असाच हट्टाला पेटला आणि मीही मान डोलावली. रोज दोन टप्पे सुरू झाले. या टेकड्यांवर वाटाण्याएवढी गोल, लालसर खडी पसरलेली असते. उतारावर ती बुटाखाली गोट्यांसारखी घरंगळते. तोल सावरताना सगळा ताण नडग्यांवर येतो. तिसऱ्या दिवशी त्याची नडगी सुजली. चौथ्या दिवशी ब्रुकटन हायवेपर्यंत तो काठ्यांवर भार टाकत आला आणि तिथूनच घरी गेला. वर्षभराची तयारी ६५ किलोमीटरांत संपली. त्याला मी अडवायला हवं होतं, हे मला आजही टोचतं.

आता मी पहिले पाच दिवस एका दिवसात एकच टप्पा चालतो. दुपारी मुक्कामाला पोचलो तर बूट काढून बसतो. पुढे वीस-वीस किलोमीटरचे टप्पे येतातच.

दुसरी चूक माफ करण्यासारखी नाही: बूट न घासणं. वाटेवर ठिकठिकाणी ब्रश लावलेले असतात आणि लोक सरळ पुढे जातात. इथल्या मातीत फायटॉप्थोरा सिनॅमोमी नावाचा सूक्ष्मजीव आहे. तो जारा, बँक्शिया, ग्रासट्री या इथल्या झाडांची मुळं कुजवतो आणि ओल्या मातीबरोबर बुटांना चिकटून पुढच्या जंगलात पोचतो. एकदा शिरला की तिथून त्याला काढता येत नाही. मी एक जुना टूथब्रश सॅकच्या बाहेरच्या खिशात ठेवतो आणि बुटाच्या तळव्याच्या खाचा कोरड्या असतानाच साफ करतो. दोन मिनिटांचं काम आहे, त्यात कसला कंटाळा? परदेशातून येत असाल तर माती लागलेले बूट आणि सोबतचं खाणं विमानतळावर जाहीर करावंच लागतं.

वाट दाखवणारी खूण म्हणजे पिवळ्या त्रिकोणातला वॉगल, नूंगार या इथल्या मूळ रहिवाशांच्या श्रद्धेतला सर्प. बराच वेळ दिसला नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे फिरा. पुढे सापडेल या आशेवर चालू नका.

शेल्टरच्या टाकीत पावसाचं पाणी असतं. ती भरलेली असेलच असं धरू नका आणि पाणी शुद्ध करूनच प्या.

उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, जाऊ नका. ऊन आणि वणवे, दोन्ही जीवघेणे. इथल्या वसंतात (सप्टेंबर ते नोव्हेंबर) आणि शरदात (मार्च ते मे) वनखातं मुद्दाम आगी लावून पालापाचोळा जाळतं, तेव्हा वाट वळवलेली असते, निघण्याआधी तपासा.

साप चावला तर जखम धुऊ नका. संपूर्ण हाताला किंवा पायाला घट्ट पट्टी गुंडाळा, हालचाल थांबवा, मदत बोलवा. त्यासाठी बीकन, म्हणजे उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवणारं यंत्र, सोबत हवंच, कारण मोबाइलला अनेक ठिकाणी रेंज नसते.

दक्षिण किनाऱ्यावरच्या पीसफुल बे गावाच्या पुढे अर्विन इनलेट ही खाडी छोट्या होडीतून ओलांडावी लागते. दोन्ही काठांवर होड्या ठेवलेल्या असतात. तुम्ही घेतलेली होडी अलीकडची शेवटची असेल, तर पलीकडची एक मागे बांधून परत आणा, अलीकडे ठेवा आणि मग पुन्हा पलीकडे जा. वारा असला की या जादा फेऱ्या जिवावर येतात. तरी मारा, कारण मागून येणाऱ्याला पलीकडे जायला दुसरं साधन नाही.