टास्मानियन डेव्हिलचे फोटो काढताना या चुका टाळा

टास्मानियन डेव्हिल म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरचा, रात्री फिरणारा काळा मांसाहारी प्राणी. पण पहिल्या रात्री काढलेल्या साठेक फोटोंत माझा डेव्हिल काळा नव्हताच. राखाडी बोक्यासारखं काहीतरी दिसत होतं आणि छातीवरचा पांढरा पट्टा ट्यूबलाइटसारखा पेटलेला. जनावर काळं, मागे मिट्ट काळोख. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर बिचारा उजेड कमी आहे असं समजून एक्स्पोजर वाढवत राहतो. ताडोबात अस्वल टिपलेल्यांना हे नवं नाही. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन वजा एकवर आणा, फ्लॅश ऑटोवर असेल तर त्याचीही ताकद उतरवा, आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजव्या कडेला आपटत नाही ना ते बघा. काळ्या केसांत फोकस भटकत बसतो; पट्ट्याच्या कडेवर किंवा मिशांवर ठेवला की धरतो. काही डेव्हिलांना पट्टाच नसतो, तिथे कानाची कड कामी येते. फ्लॅश लेन्सच्या डोक्यावर असला की डोळे चमकतात, तो बाजूला धरा.

जबडा वासलेला फोटो सगळ्यांनाच हवा असतो. तो मिळाला की खाली 'खवळलेला सैतान' असं लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात ही जांभई बऱ्याचदा भीतीची असते. बावरला की त्याचे पातळ कान लाल दिसू लागतात. तुमच्याकडे बघून जबडा उघडला आणि कान लाल झाले, तर तुम्ही फार जवळ गेला आहात. मागे सरका. बिळाच्या तोंडाशी तर जाऊच नका.

सगळ्यात महाग पडणारी चूक घरी, लॅपटॉपवर होते. गालावरची गाठ कुरूप दिसते म्हणून लोक ती हीलिंग ब्रशने पुसतात. 1996 साली टास्मानियाच्या ईशान्य कोपऱ्यात एका डच छायाचित्रकाराच्या फोटोंत अशाच गाठी दिसल्या, आणि डेव्हिलांच्या चेहऱ्यावर होणाऱ्या संसर्गजन्य कर्करोगाची ती पहिली नोंद ठरली. एकमेकांना चावताना जिवंत कर्कपेशीच एका जनावरातून दुसऱ्यात जातात. गाठ आलेले बहुतेक डेव्हिल वर्षभरात मरतात. 2008 मध्ये ही जात संकटग्रस्त ठरली. 2014 मध्ये आग्नेय भागात याच धर्तीचा दुसरा, वेगळा कर्करोग सापडला. तेव्हा मूळ फाइल जपा, जमलं तर चेहऱ्याच्या दोन्ही बाजू टिपा, आणि तारीख व जागा लिहून राज्याच्या डेव्हिल संवर्धन कार्यक्रमाला कळवा. उलट प्रत्येक जखमेला कॅन्सरही म्हणू नका. खाण्यावरून आणि माद्यांवरून त्यांची इतकी भांडणं होतात की ओरखडे नसलेला म्हातारा नर मी तरी पाहिलेला नाही.

फोटोखालच्या ओळीतही गफलत होते. कुंपणातल्या डेव्हिलला 'जंगलातला' म्हणणं ही सरळ फसवणूक. टास्मानियाजवळच्या मारिया बेटावरचे डेव्हिल मोकळे फिरतात, पण तेही तिथले मूळचे नव्हेत. रोगापासून लांब एक निरोगी कळप राहावा म्हणून 2012-13 मध्ये तिथे 28 डेव्हिल सोडले. पुढे या डेव्हिलांपायी त्याच बेटावरची छोट्या पेंग्विनची सुमारे 3,000 जोड्यांची वसाहत संपली. पेंग्विनचा उल्लेख गाळून त्या बेटाला नुसतं 'यशोगाथा' म्हणणारे मला पटत नाहीत.

आता माझी चूक. रस्त्यावर मेलेली वॉलबी (छोट्या कांगारूसारखा प्राणी) दिसली, म्हटलं डेव्हिल येणारच. गाडी कडेला लावून दिवे बंद केले. तासाभराने तो आला, बाजूला झुकत, लंगडल्यासारखा धावत. हाडं फुटल्याचा आवाज काचेतून ऐकू येत होता. तेवढ्यात वळणावर ट्रकचे दिवे. पठ्ठ्या मांस सोडेना. मी हॉर्न दाबून धरला तेव्हा कुठे झाडीत गेला. रस्त्यावरचं मढं खायला येऊनच कितीतरी डेव्हिल गाड्यांखाली जातात, आणि मी नेमकी त्याचीच वाट बघत बसलो होतो. आता माझ्या डिकीत रबरी हातमोजे असतात. आधी मागून गाडी येत नाही ना ते पाहायचं, पोटाच्या पिशवीत जिवंत पिल्लू आहे का ते तपासायचं, मग मढं रस्त्यापासून चांगलं लांब ओढायचं.