बाळंतपणाआधी राजीनामा द्यायचाय? आधी या चुका टाळा

सोलापुरात नोकरदार बाईच्या राजीनाम्याची तारीख पुष्कळदा डोहाळजेवणाच्या तारखेवरून ठरते. सातव्यात ओटी भरायची, मग माहेरी जायचं, म्हणून त्याच्या आदल्या आठवड्यात ऑफिसात पत्र देऊन मोकळं व्हायचं. घरात कुणाला त्यात वावगं वाटत नाही. "आता कशाला दगदग, सोडून दे की," असं सासूबाई मायेनंच म्हणतात. नवराही मान डोलावतो. मी इथल्या काही कारखान्यांची आणि दुकानांची पगारपत्रकं बघते, त्यामुळे अशी पत्रं माझ्या टेबलावर येतात. दरवेळी वाटतं, याच कागदावर "राजीनामा" खोडून "प्रसूती रजेचा अर्ज" लिहिलं असतं, तर हिला सहा महिन्यांचा पगार मिळाला असता.

गंमत अशी की डोहाळजेवणाचा मुहूर्त रजेसाठी अगदी बरोबर असतो. कायद्यानं प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी जास्तीत जास्त ८ आठवडे रजा सुरू करता येते. तारीख ४० व्या आठवड्याची धरली तर हे ८ आठवडे ३२ व्यापासून सुरू होतात, म्हणजे सातवा संपून आठवा लागताना. त्या दिवशी घरी बसायचंच आहे ना? बसा. फक्त कागद दुसरा द्या.

चूक पहिली: सहा महिन्यांचा पगार सोडून देणं

मातृत्व लाभ कायदा १९६१ सालचा. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. दोन मुलं असताना तिसऱ्यासाठी ती १२ आठवडेच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यातही हे हक्क कायम आहेत. कारखान्यांना हे लागू आहेच, आणि १० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानं-आस्थापनांनाही. महिना १८,००० पगार असेल तर २६ आठवड्यांचे साधारण १,०८,००० रुपये होतात. जुळे सोलापुरात घरभाडं भरणाऱ्या जोडप्यासाठी ही रक्कम काय आहे ते वेगळं सांगायला नको.

अट एकच: अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं हवं. "नवीन नोकरी आहे, मला कुठली रजा मिळणार," असं म्हणून मुली आपणहून बाहेर पडतात. जूनमध्ये लागलात आणि तारीख डिसेंबरची असेल, तर ८० दिवस आरामात भरतात. कॅलेंडर घेऊन मोजा, अंदाजानं ठरवू नका.

ज्यांचा पगार २१,००० च्या आत आहे आणि कंपनी ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) आहे, त्यांचं गणित थोडं निराळं. तिथे पैसे मालक देत नाही, कामगार विमा महामंडळ देतं. अट ७० दिवसांच्या वर्गणीची, आणि ती आधीच्या दोन वर्गणी काळांत मोजतात. हे काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. चालू काळातली वर्गणी त्यात धरत नाहीत, त्यामुळे नुकत्याच लागलेल्या मुलीनं शाखा कार्यालयात जाऊन आपला विमा क्रमांक दाखवून आधी विचारून घ्यावं.

अक्कलकोट रोडच्या एका गणवेश शिवणाऱ्या युनिटमधली मुलगी पत्र घेऊन आली होती. पत्र दिरानं टाइप करून दिलेलं, खाली तिची सही. सोनोग्राफीच्या रिपोर्टच्या प्लास्टिक पिशवीतच पगाराची चिठ्ठी घडी करून ठेवलेली होती. पगार १६,०००, त्यात ईएसआयचे १२० रुपये कापलेले. "हे १२० कशाचे गं?" म्हटलं, तर म्हणाली, "ते कापतातच की ओ दर महिन्याला." कशासाठी कापतात हे तिला ना कंपनीनं सांगितलं होतं, ना दिरानं. खरं तर नोकरीवर घेतानाच हे हक्क लेखी कळवणं मालकावर बंधनकारक आहे. ती दोन वर्षं वर्गणी भरत होती. पत्र परत पिशवीत गेलं.

चूक दुसरी: "चान्स घेतोय" म्हणून आधीच सोडणं

ही मला सगळ्यांत महागडी वाटते. दिवस राहायच्या आधीच शरीराला आराम हवा, मन शांत हवं, म्हणून नोकरी सोडायची. निरोगी जोडप्यालाही दिवस राहायला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं. तेवढा काळ एकाच पगारावर काढायचा, त्यात वंध्यत्वाचे उपचार लागले तर तो खर्च, आणि शेजारणींचे "अजून काही नाही का?" घरात बसून ऐकायचे. कामाचा ताण खरंच असह्य असेल तर शिफ्ट बदलून मागा, बदली मागा, दुसरी नोकरी शोधा. रसायनं, जड उचल किंवा रात्रपाळी असं कारण असेल तर डॉक्टरकडून तसं लेखी घ्या आणि काम बदलून मागा. कारण तेवढं भक्कम नसेल तर थांबा.

चूक तिसरी: डॉक्टरांच्या "आराम करा"चा अर्थ "नोकरी सोडा" असा लावणं

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात रक्तस्राव झाला, बीपी वाढलं, डॉक्टरांनी बेड रेस्ट सांगितली की दुसऱ्या दिवशी राजीनामा. गरोदरपणामुळे आलेल्या आजारपणासाठी २६ आठवड्यांखेरीज आणखी एक महिन्यापर्यंत भरपगारी रजा कायद्यात आहे. दुर्दैवानं गर्भपात झाला तर ६ आठवड्यांची रजा आहे. ही दुसरी तरतूद कुणी उच्चारत नाही, कारण शुभ काळात असं बोलू नये म्हणतात. पण ज्या बाईनं आठव्या आठवड्यात राजीनामा दिला आणि बाराव्या आठवड्यात गर्भ गेला, तिच्या हातात बाळही नाही आणि नोकरीही नाही. त्यासाठी तरी ही तरतूद माहीत असू द्या.

उन्हाळा हे सोलापूरचं खास कारण. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या वर, आणि चिंचोळी एमआयडीसीपर्यंत दुचाकी. आठव्या महिन्यात हे करू नयेच. पण त्याला उपाय रजा लवकर सुरू करणं, साठलेली हक्काची रजा आधी जोडून घेणं, सकाळची पाळी मागणं. दोन महिन्यांच्या उन्हासाठी पाच वर्षांची नोकरी सोडू नका.

चूक चौथी: विमा कधी संपतो ते न बघणं

कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्यात प्रसूतीचा खर्च बहुधा पहिल्या दिवसापासून मिळतो. स्वतः काढलेल्या पॉलिसीत प्रसूतीसाठी वाट बघायचा काळ असतो, कुठे ९ महिने, कुठे २ ते ४ वर्षं. म्हणजे गरोदर असताना नवी पॉलिसी घेऊन या बाळंतपणाला तिचा उपयोग शून्य. आणि सामूहिक विमा साधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. ३१ तारखेला नोकरी संपली, १२ तारखेला सिझेरियन, बिल स्वतःच्या खिशातून. बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर बिल किती वाढतं ते ज्यांनी भरलंय त्यांना विचारा.

पुण्यात नोकरी आणि सोलापुरात माहेर असलेल्या मुलींनी इथे जास्त लक्ष द्यावं. हिंजवडीत काम करणारी, विजापूर रोडला आईबाप असलेली मुलगी पहिल्या बाळंतपणाला इथेच येणार. सातव्या महिन्यातच येऊन दवाखान्यात नाव घालावं लागतं हे खरं, पण त्यासाठी राजीनामा लागत नाही. तेव्हापासून रजा सुरू करा, किंवा थोडे आठवडे घरून काम मागा. मात्र निघायच्या आधी विमा कंपनीच्या यादीत सोलापुरातला तुम्हाला हवा तो दवाखाना कॅशलेसमध्ये आहे का ते बघा. नसेल तर आधी भरून नंतर दावा करावा लागेल, त्या पैशांची सोय करून ठेवा. बाळ झाल्यावर त्याचं नाव विम्यात घालायला मुदत असते. बारशाची वाट बघू नका, "बेबी ऑफ" अमुक असं नाव चालतं.

चूक पाचवी: ग्रॅच्युइटीच्या उंबरठ्यावरून परत फिरणं

कायम नोकरीत ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकानं द्यायची एकरकमी रक्कम, ५ वर्षं सलग सेवेनंतर मिळते. भरलेल्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा पगार, मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर, महिना २६ दिवसांचा धरून. चार वर्षं आठ महिने झालेली बाई घाईनं राजीनामा देते तेव्हा हे सगळं पाण्यात जाऊ शकतं. भरपगारी प्रसूती रजा सलग सेवेत धरली जाते. म्हणजे रजेवर, घरी, पाळण्यापाशी बसलेलं असताना तुमचं पाचवं वर्ष पूर्ण होऊ शकतं. नेमणूकपत्रावरची तारीख काढा आणि बघा.

पीएफचं थोडक्यात: ५ वर्षांच्या आत काढला तर कर लागू शकतो, आणि पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा मोजतात. डोहाळजेवणाच्या खर्चाला पीएफ मोडू नका. पुन्हा नोकरी लागली की जुन्याच यूएएनला (पीएफच्या कायमच्या क्रमांकाला) नवी सेवा जोडता येते.

चूक सहावी: साहेब म्हणाले म्हणून सही करणं

"तूच राजीनामा दे, बाळ मोठं झालं की परत घेतो." हे वाक्य गोड असतं आणि तोंडी असतं. गरोदर आहे म्हणून किंवा प्रसूती रजेवर आहे म्हणून कामावरून काढणं बेकायदेशीर आहे, हे मालकाला माहीत असतं, म्हणून तर तो तुमच्याकडून सही मागतो. स्वतःहून दिलेल्या राजीनाम्यानंतर भांडायला जागा फार थोडी उरते. "घरी विचारून सांगते" म्हणून उठा, आणि त्याच दिवशी ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर लिहा: "आज आपण मला राजीनामा देण्यास सांगितलेत. मला राजीनामा द्यायचा नसून अमुक तारखेपासून प्रसूती रजा हवी आहे." एवढ्यावर बऱ्याच ठिकाणी विषय मिटतो. नाहीच मिटला तर कामगार आयुक्तांच्या सोलापुरातल्या कार्यालयात तक्रार करता येते.

करारावर काम करणाऱ्यांना "करार मार्चमध्ये संपतोय, मग रजा कशी?" असं सांगतात. करार रजेच्या मध्येच संपला तरी पूर्ण लाभ मिळाला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेला आहे.

"सासूबाई आहेत ना"

ही कायद्याची चूक नाही, घरची आहे. आणि दोन्ही बाजूंनी होते. एक मुलगी बाळ कोण सांभाळणार या धास्तीनं सहा महिने आधीच नोकरी सोडते, दुसरी "आई बघतील" असं गृहीत धरते आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात हे रजा संपायच्या आठवड्यात कळतं. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा बाळ कुणाजवळ, हे तासांत बोला. नवऱ्याला समोर बसवून बोला, त्याची रजा, त्याची शिफ्टही मोजा. राजीनामा कायम बाईचाच का असतो, हा प्रश्न तिथे निघाला तर निघू द्या. जवळचं पाळणाघर आत्ताच जाऊन बघा. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा बाळाला भेटायची मुभा कायद्यात आहे. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दोन सुट्ट्याही आहेत.

मला विचाराल तर खरा निर्णय बाळ चार-पाच महिन्यांचं झाल्यावरच घ्यावा. गरोदर असताना आपण कशा आई होऊ हे कुणालाच माहीत नसतं. आयुष्यभर घरी बसेन म्हणणाऱ्या तिसऱ्या महिन्यात ऑफिसची वाट बघायला लागतात, आणि पंधरा दिवसांत परत येते म्हणणारीचा पाय घरातून निघत नाही. "रजा घेऊन मग सोडणं म्हणजे मालकाची फसवणूक नाही का?" असं बऱ्याच जणी संकोचानं विचारतात. नाही. रजेनंतर अमुक काळ काम केलंच पाहिजे अशी अट कायद्यात नाही. सोडायचं पक्कं झालं की वेळेवर कळवा, नोटीसचा काळ पाळा, काम नीट सोपवून द्या, एवढं केलं की झालं.

चूक झालीच असेल तर

पत्र दिलंय पण शेवटचा दिवस यायचाय? मग तुम्ही अजून कर्मचारीच आहात. आजच लेखी लिहा की राजीनामा मागे घेत आहे आणि प्रसूती रजा मागत आहे. स्वीकारायचं की नाही हे पुष्कळदा मालकाच्या हातात असतं, पण कामाची बाई परत मिळते म्हणून बरेच जण ऐकतात.

नोकरी सुटून गेली असेल तर कार्यमुक्ती पत्र, अनुभवाचा दाखला, शेवटच्या पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन ठेवा. पीएफ खात्यात नोकरी सोडल्याची तारीख चढली का ते बघा. सामूहिक विमा त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळतो का हे मुदतीत विचारा.

ज्यांच्या दुकानात, क्लासमध्ये किंवा दवाखान्यात दहापेक्षा कमी माणसं आहेत आणि कुठलीच भरपगारी रजा मिळत नाही, त्यांनी अंगणवाडी ताई किंवा आशा ताईंकडे प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा फॉर्म भरावा. नियमांत बसलात तर पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० मिळतात. सरकारी दवाखान्यात, आपल्या सिव्हिलमध्येही, बाळंतपण आणि सिझेरियन मोफत आहे.

रजेचा अर्ज फार मोठा लागत नाही. "मी गरोदर असून प्रसूतीची अपेक्षित तारीख अमुक आहे. मला अमुक तारखेपासून २६ आठवडे प्रसूती रजा मिळावी. रजेच्या काळात मी इतरत्र काम करणार नाही. देय रक्कम माझ्या खात्यात किंवा माझ्या पश्चात अमुक यांना द्यावी. सोबत डॉक्टरांचा दाखला." दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. प्रसूतीआधीच्या दिवसांचे पैसे आगाऊ मिळतात आणि उरलेले बाळ झाल्याचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत द्यायचे असतात, म्हणून दवाखान्यातून निघताना त्या दाखल्याची एक प्रत नवऱ्याच्या हातात देऊन ठेवा.